हॉलमध्ये चांगले स्पीकर आणि सबवूफर लावताना: नव्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

डग्ग्यावर पंजा ठेवून तबलजी मनगट पुढे रेटतो आणि ‘घे’चा आवाज खालून वर सरकत जातो. कुठलाही स्पीकर पारखायचा झाला की मी आधी हाच बोल ऐकतो. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर तो नुसता ‘टप्प’ वाजतो. चुकीच्या जागी ठेवलेल्या सबवूफरवर (फक्त खालचे, जाड सूर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरवर) तो एकाच सुरात घुमत बसतो, मनगट कुठून कुठे गेलं याचा पत्ता लागत नाही. आणि संच नीट लागलेला असेल तर ती चढण पूर्ण ऐकू येते, कातड्यावर मनगट घासल्याची बारीक खरखरसुद्धा.

हा फरक फक्त महागड्या डब्यामुळे पडतो असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. प्रत्यक्षात, आणि खालच्या सुरांत तर फारच, तो खोलीमुळे आणि वस्तू कुठे ठेवल्यात यामुळे पडतो. सोफा, स्पीकर आणि सबवूफर यांच्या जागा नक्की करायला पैसे लागत नाहीत, दोन रविवार लागतात. म्हणून पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. दुकानात जायच्या आधी घरात टेप फिरवायची आहे.

पायरी १: खोली मोजा

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एखाद्या सुराची अर्धी लाट नेमकी मावली की तो सूर खोलीत अडकून घुमायला लागतो. हिशेब सोपा आहे: दोन भिंतींमधलं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याची दुप्पट करा आणि ३४३ ला त्या आकड्याने भागा. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर लांबीच्या हॉलमध्ये हा सूर साडेसदतीस हर्ट्झच्या (सेकंदाला साडेसदतीस कंपनांच्या) आसपास येतो. १० फूट रुंदीला तो ५६ येतो, साडेनऊ फूट उंचीला ५९.

शेवटचे दोन आकडे पुन्हा बघा. ते एकमेकांना चिकटून आहेत, म्हणजे रुंदी आणि उंची मिळून एकच पट्टा फुगवतात. पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जी ओळखीची ढबढब ऐकू येते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. सबवूफर खराब आहे म्हणून बदलायला निघालेल्या दोन नातेवाइकांच्या घरी मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. दोघांचेही सबवूफर आजही तेच आहेत, फक्त जागा बदलली.

टाइल्सची फरशी, समोर सरकत्या काचांची बाल्कनी आणि दोन्ही बाजूंना उघड्या भिंती, ही आपल्या हॉलची दुसरी ओळख. खोलीच्या मध्यावर उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. मागून ‘टिर्र’ असा शेपटासारखा आवाज आला, तर स्पीकर कितीही चांगला असला तरी स, श, च ही अक्षरं कानाला टोचणार. तो आवाज लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत कामाला येईल.

पायरी २: ऐकायचं काय, ते ठरवा

सगळ्या घरांना सारखा संच लागत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या जवळ. आपल्या शास्त्रीय मैफलीत याच्या फार खाली जाणारं क्वचितच काही असतं. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, पियानोची शेवटची पट्टी साडेसत्तावीसला. चित्रपटातले स्फोट, गडगडाट, इमारत कोसळण्याचे आवाज मात्र २० हर्ट्झपर्यंत आणि कधी त्याच्याही खाली जातात.

हे वीस हर्ट्झ महाग पडतात. या सुराची एक लाट १७ मीटर लांब असते. ४० हर्ट्झला जेवढा आवाज मिळतो तेवढाच २० ला हवा असेल तर स्पीकरच्या कोनला, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला, चौपट हवा ढकलावी लागते. दहा-बारा इंची ड्रायव्हर (कोन आणि त्याला हलवणारी यंत्रणा), मोठा डबा आणि दणकट अँप्लिफायर या सगळ्यांची गरज तिथून येते. म्हणून मुख्यतः नाट्यगीत, भजन, ख्याल ऐकणाऱ्याने आधी दोन उत्तम स्पीकर घ्यावेत आणि सबवूफर सवडीने छोटा पण नेटका घ्यावा. चित्रपट हाच मुख्य विषय असेल तर सबवूफरला पहिल्या दिवसापासून मानाचं पान द्यावं.

माझं स्पष्ट मत आहे की त्याच पैशात मिळणाऱ्या पाच किरकोळ स्पीकरपेक्षा दोन चांगले केव्हाही घ्यावेत. नंतर मधला घ्या, म्हणजे संवाद पडद्यावरून येतील, त्यानंतर मागचे दोन. छतातूनही आवाज देणारं डॉल्बी अॅटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलं, आता घरीही मिळतं, आणि छतातून पडणारा पाऊस ऐकणं खरंच सुखाचं असतं. पण छताचे स्पीकर सगळ्यात शेवटी. आज फक्त भिंत फोडताना किंवा फॉल्स सीलिंग करताना तिथपर्यंत वायर ओढून ठेवा.

पायरी ३: स्पीकर निवडा

खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल ताकद) लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या, त्याला काही अर्थ नाही. बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिली की एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो. प्रत्येक ३ डेसिबलला अँप्लिफायरची ताकद दुप्पट लागते. म्हणजे ८४ डेसिबलचा स्पीकर ९० च्या बरोबरीने वाजवायला चौपट वॉट हवेत. ओहमचा आकडाही वाचा. ४ ओहमचे स्पीकर साध्या रिसीव्हरला, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरला, दमवतात.

१० बाय १५ च्या हॉलला माझा सल्ला चांगले बुकशेल्फ (स्टँडवर किंवा फळीवर मावणारे छोटे) स्पीकर आणि वेगळा सबवूफर असाच असतो. उंच टॉवर स्पीकर जिथे दिसायला शोभतो त्या जागेवरून त्याचा खालचा सूर चांगला लागेलच असं नाही, आणि त्याचा सूर त्याच्यापासून सुटा करून दुसरीकडे नेता येत नाही. सबवूफर नेता येतो.

दुकानात जाताना तुमच्या कानाला पाठ असलेली तीन ध्वनिमुद्रणं न्या: एक नुसता आवाज आणि तानपुरा, एक तबल्याचं, एक भरपूर वाद्यांचं. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. एखादा डेसिबल जास्त वाजणारा स्पीकर माणसाला हमखास ‘अधिक चांगला’ वाटतो, आणि विकणाऱ्याला हे माहीत असतं. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांकडून वर्षानुवर्षं चाचण्या करून घेतल्या. नाव आणि किंमत दिसत नसली की वेगवेगळ्या लोकांची पसंती आश्चर्य वाटावं इतकी जुळते, असं त्यांना आढळलं. समोरून सरळ आणि बाजूंनाही समतोल आवाज देणारा स्पीकर लोकांना आवडतो. म्हणून खुर्चीवरून थोडं बाजूला सरकूनही ऐका. आवाजाचा रंग एकदम बदलला तर तो स्पीकर घरच्या भिंतींवरून तसाच रंग बदलून परत येणार.

वायरवर पैसे घालवू नका. घराच्या वायरिंगची दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची लवचिक तांब्याची वायर आपल्या अंतरांना पुरते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती आणि तिच्या टोकाला लावायचे बनाना प्लग दोन्ही मिळतात. जोडताना लाल ते लाल, काळी ते काळी. एका स्पीकरची जोडणी उलट झाली तर गायक मधोमध उभा राहायच्या ऐवजी खोलीभर विरघळतो आणि खालचे सूर नाहीसे होतात.

पायरी ४: जागा आणि भिंती

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर देणारा छोटा भाग, बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला स्पीकर पेटीत तोंड घालून बोलल्यासारखा वाजतो. निदान युनिटच्या कडेपर्यंत पुढे ओढा, शक्य असेल तर स्टँडवर घ्या. मधला स्पीकर टीव्हीखाली असेल तर त्याच्या पुढच्या कडेखाली रबराचा तुकडा सरकवून तोंड वर करा, संवाद लगेच उचलले जातात. मागचे स्पीकर कानाच्या जरा मागे, बाजूंना, बसल्यावर डोक्याच्या थोडे वर.

आपल्याकडे सोफा पाठीमागच्या भिंतीला टेकलेलाच असतो. तिथे खालचे सूर फुगतात, तर खोलीच्या अगदी मध्यावर काही सूर गायब होतात. दीड-दोन फूट पुढे घेता आला तर घ्या. घरच्यांना ते पटवणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत नाजूक काम आहे. आधी एका रात्रीपुरतं सरकवा आणि त्यांनाच ऐकायला बसवा.

आता ती टाळी. तुम्ही सोफ्यावर बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकरचा ट्वीटर दिसेल, तिथून आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. त्या जागी जाड गोधडी टांगा, पुस्तकांचं कपाट ठेवा किंवा सुती कापडात गुंडाळलेली दोन-तीन इंची रॉकवूलची (आवाज शोषणाऱ्या दगडी तंतूंच्या गादीची) चौकट लावा. समोरच्या फरशीवर जाड सतरंजी, बाल्कनीच्या काचेवर चुण्यांचा भरदार पडदा. मग परत टाळी वाजवा. मात्र गोधडीने खालचे सूर आटोक्यात येत नाहीत. इतक्या लांब लाटेला ती जाणवतच नाही.

पायरी ५: सबवूफरची जागा, रांगत शोधायची

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. बहुतेक घरांत सबवूफर जिथे रिकामा कोपरा असेल तिथे जातो. कोपऱ्यात तो सर्वांत मोठा वाजतो हे खरं, पण खोलीचे सगळे अडकणारे सूरही तिथून एकदम जागे होतात.

करायचं असं: सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा. कान आणि सबवूफर यांच्या जागांची अदलाबदल केली तरी ऐकू येणारा फरक तोच राहतो. ३० ते १०० हर्ट्झमध्ये हळूहळू चढणारा चाचणी-सूर किंवा एकेक स्वर सुटा वाजणारी बास गिटारची ओळ परत परत लावा. मग गुडघ्यांवर बसा आणि कान सबवूफरच्या उंचीला ठेवून भिंतीच्या कडेने रांगत जा. दर दोन फुटांवर थांबा. एखाद्या ठिकाणी दोन स्वर बदाबदा आदळतील आणि मधलाच एक गायब असेल. काही जागांवर सगळे स्वर सारख्या वजनाचे लागतील. तिथे चिकटपट्टीने खूण करा. अशा दोन-तीन जागा सापडतात, त्यातली वायरच्या आणि झाडूच्या सोयीची निवडा आणि सबवूफर तिथे ठेवा.

आमच्याकडे कोपऱ्यातल्या जागेवर ‘घे’ची सगळी चढण एकाच घुमाऱ्यात बुडत होती. खूण निघाली ती लांब भिंतीच्या साधारण मध्यावर, शोकेस आणि दिवाणाच्या मधल्या फटीत. तिथे आवाज थोडा लहान झाला, पण मनगट सरकताना ऐकू यायला लागलं. त्या रात्री आम्ही बारा वाजेपर्यंत एकच लग्गी ऐकत बसलो.

दोन सबवूफर शक्य असतील तर एका मोठ्याऐवजी दोन मध्यम घ्या. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर फार चांगले ठरले. त्यांचे चढ-उतार एकमेकांना भरून काढतात आणि एकाच खुर्चीऐवजी सगळ्या सोफ्यावर सारखं ऐकू येतं.

बंद डबा की मागे-पुढे भोक असलेला, हा प्रश्न नेहमी येतो. भोकाचा डबा त्याच आकाराच्या ड्रायव्हरमधून २०-२५ हर्ट्झला जास्त आवाज काढतो, पण मोठा असतो आणि ठरावीक सुराखाली एकदम गळतो. बंद डबा लहान असतो आणि हळूहळू उतरतो. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बंद डब्यातल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून लहान खोक्यातून खोल आवाज काढून दाखवला, त्यानंतर या प्रकाराने घराघरांत जागा मिळवली. लहान हॉलमध्ये संगीतासाठी मी बंद डबा सुचवतो.

जागा ठरली की घरातले थरथरणारे पाहुणे शोधा. चाचणी-सूर २५ पासून हळूहळू ८० पर्यंत चढवत घरभर फिरा. आमच्या हॉलमध्ये ४३ ला शोकेसची सरकती काच गायला लागली, ५० च्या पुढे देवघरातली समई, नंतर स्विचबोर्डची पट्टी. काचेच्या खाचेत फेल्टची पट्टी, समईखाली कापडाची घडी, पट्टीचे स्क्रू घट्ट. आठवडाभर मी त्या खरखरीला सबवूफरचा दोष समजत होतो.

पायरी ६: रिसीव्हरची सेटिंग

रिसीव्हरच्या मेनूत सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा, टॉवर असले तरी. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराखालचा आवाज स्पीकरऐवजी सबवूफरकडे जातो तो आकडा, ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला जवळपास ओळखता येत नाही, त्यामुळे तबला समोरच राहतो आणि वजन सबवूफर देतो. सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर किंवा ‘एलएफई’वर (म्हणजे गाळणी रिसीव्हरवर सोडून) न्या, नाहीतर एकच आवाज दोनदा गाळला जातो.

फेजसाठी, म्हणजे सबवूफरची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवण्यासाठी, दोन माणसं लागतात. ८० हर्ट्झचा सूर लावा, स्पीकर आणि सबवूफर दोन्ही चालू ठेवा. एकाने फेजचं बटण ० आणि १८० मध्ये बदलायचं, दुसऱ्याने सोफ्यावर बसून ऐकायचं. ज्या बाजूला सूर मोठा येतो ती बरोबर.

मग रिसीव्हरसोबत आलेला मायक्रोफोन कानाच्या उंचीला, तिपाईवर ठेवून आपोआप मापन चालवा. पंखा, एसी, मिक्सर बंद. तो हातात धरू नका आणि उशीवर टेकवू नका. पुढे रस वाटला तर लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजणारं मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसबी मापन-मायक्रोफोन घ्या. पहिला आलेख बघून घाबरू नका, लहान खोलीत १०-१५ डेसिबलचे डोंगर-दऱ्या असतातच. इक्वलायझरने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगने) डोंगर कापा. दऱ्या भरायला जाऊ नका, कारण तिथे लाटा एकमेकींना खोडत असतात. कितीही ताकद ओतली तरी तीही खोडली जाते आणि ड्रायव्हर मात्र दमतो.

सबवूफरची पातळी शेवटी कानाने ठरवा. तानपुरा लावा आणि कुणाला तरी मध्येच सबवूफर बंद करायला सांगा. चालू असताना तो वेगळा वाजतोय असं वाटलं तर पातळी जास्त आहे. बंद झाल्यावर खर्जाच्या तारेखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटलं की बरोबर लागला.

पायरी ७: वीज, पाऊस, शेजार

सतत ‘हम्म’ येत असेल तर आधी केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. आपल्याकडे अनेकदा तिथूनच तो शिरतो. ती वायर काढल्यावर आवाज थांबला तर केबलवाल्याकडून आयसोलेटर (वायरीतून येणारी ही गुणगुण अडवणारा छोटा तुकडा) बसवून घ्या. सॉकेटची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासा, आणि अर्थिंगची पिन तोडून हम थांबवायचा प्रयत्न कधीही करू नका.

बहुतेक डबे एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या पाटाचे असतात. ओल्या फडक्याने फरशी पुसली की पाणी खालून शोषून डबा फुगतो, म्हणून पायाला रबरी गुटके हवेतच. जुने स्पीकर घेताना कोनभोवतीची कड बघा. फोमची असेल तर ती दमट हवेत भुगा होते, कोकणात तर लवकरच. रबराची टिकते. दोन्ही हातांनी कोन हलकेच आत दाबा, घासल्याचा आवाज आला तर घेऊ नका.

कानांसाठी एक मर्यादा पाळा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. निवासी भागासाठी कायद्याने ठरवलेली पातळी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल आहे. खालचे सूर स्लॅबमधून सहज उतरतात, आपल्याला सौम्य वाटलेला गडगडाट खालच्या घरात पलंग हलवतो. सबवूफरखाली जाड फोमची गादी घातल्याने स्लॅबचा थरथराट थोडा कमी होतो, पण हवेतून जाणारा आवाज जातोच. रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावा, संवाद राहतात आणि स्फोट दबतात.

मी एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांना विचारून त्यांच्या बेडरूममध्ये जाऊन बसलो. वर मुलीने चित्रपटातला सर्वांत दणदणीत प्रसंग लावला होता. मी फोनवरून ‘कमी कर, अजून कमी’ सांगत गेलो, काका कान देऊन बसले होते. रिसीव्हरवरच्या ज्या आकड्याला (आवाजाची पातळी तिथे उणे आकड्यांत दिसते) त्यांनी मान हलवली तो तिने तिथेच चिकटपट्टीवर लिहून रिमोटच्या पाठीवर लावला: रात्री दहानंतर उणे ३८.